क्विंटलमागे दोन पेशींचा कडता

चिखली,
बुधवार, दुपार

तीर्थस्वरूप सौ. ताईस,

धाकट्या नारायणचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. इकडे आम्ही सारे खुशाल आहोत. तुझ्या भावजयीचा, शालूचा, गुडघा जिना चढताना दुखतो आणि शेजारी गप्पा मारायला जाताना दुखत नाही, तेव्हा काळजीचं कारण नाही. माझी तब्येत तू पाहिली होतीस तशीच आहे, म्हणजे थोडी वाढली आहे. दाजींना नमस्कार. जानेफळात थंडी पडली असेल तर त्यांना पहाटे शेतात जाऊ देऊ नकोस. ते ऐकणार नाहीत, पण सांगितल्याचं समाधान राहतं. तुझ्या चष्म्याची काडी अजून दोऱ्यानंच बांधलेली आहे असं कळलं, म्हणजे हे पत्र तुझी सून योगिनीच वाचून दाखवणार. (योगिनी बेटा, ज्या कंसात तुझं नाव असेल तो मनातल्या मनात वाचायचा. सासूबाईंनी विचारलं तर इथं शाई सांडली आहे असं सांग.)

फोन असताना पत्र कशाला, असं दाजी म्हणतील. त्याचं कारण तुला चांगलं ठाऊक आहे. मी फोनवर पावसापाण्याचं बोललो की तुला स्पष्ट ऐकू येतं. म्हशीचं विचारलं तर त्याहून स्पष्ट ऐकू येतं. पण एका विशिष्ट गोष्टीचं नाव काढलं की लगेच तू, "हॅलो, हॅलो, नाऱ्या, आवाज येऊन नाही राह्यला बे," असं म्हणून फोन दाजींच्या हातात देतेस, आणि दाजी बिचारे मला पुन्हा म्हशीबद्दल सांगतात. पत्राला ती सोय नाही.

तेव्हा आधीच सांगून टाकतो. दोन वर्षांमागे तुझी छातीतली गाठ काढली, आणि पुन्हा होऊ नये म्हणून रोज एक याप्रमाणे पाच वर्षं घ्यायची गोळी डॉक्टरांनी दिली. ती तू रोज घेत नाहीस, हे मला कळलं आहे. कोणाकडून कळलं ते विचारू नकोस. (योगिनी, मी तुझं नाव घेतलेलं नाही.) त्या गोळीबद्दल मी या पत्रात एक अक्षरही लिहिणार नाही, कारण तू मोठी आहेस, मी लहान आहे, आणि तुझा हात अजून जड आहे. मी फक्त आमच्या घरी झालेली एक गंमत सांगणार आहे.

आपली अर्पिता दहा दिवसांच्या सुट्टीवर आली होती. सुट्टी म्हणजे काय, तर लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर मांडून आम्हाला खाली बसून जेवायला लावणे. तिची ती पीएचडी कशावर आहे हे मला चार वर्षांत कळलं नव्हतं. लोकांनी विचारलं की मी "रंगाचं काहीतरी आहे" असं सांगून वेळ मारून नेत असे, आणि लोकांना वाटायचं पोरगी कपड्याच्या मिलमध्ये लागली. या वेळी तिनं नीट समजावलं. गाठ काढली की तिची एक चकती कापतात, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. तिच्यावर असा रंग टाकतात की जिथं अमुक एक प्रोटीन असेल तिथंच तो तपकिरी होऊन चिकटतो, बाकीच्या पेशी निळ्या दिसतात, आपण धोतराला नीळ द्यायचो तशा. मग शंभर पेशींत तपकिरी किती आणि तपकिरी किती गडद, यावरून ते प्रोटीन किती आहे याचं माप निघतं. तपकिरी निघाल्या तर त्या बाईला गोळी लागू पडण्यासारखी असते, नाही निघाल्या तर ती गोळी तिच्या कामाची नसते. (ही साधारण माहिती आहे, ताई. कोणत्याही विशिष्ट गोळीबद्दल मी बोलत नाही.)

तर हे माप कॉम्प्युटर चांगलं काढतो की माणसाचा डोळा, असा तिचा प्रश्न. दोन डॉक्टर तिकडे मोजत होते, त्यांचे आकडे यायचे होते. तिसरा माणूस हवा होता तो डॉक्टरकीतलं काही न समजणारा, पण नजर तयार असलेला. आमची मुलगी सरळ माझ्याकडे आली. ताई, मी जिनिंगवर छत्तीस वर्षं कापसाचा ग्रेडर होतो. गाडी आली की मूठभर कापूस उचलायचा, धागा ओढून पाहायचा, उजेडात धरायचा आणि ग्रेड सांगायची. पांढऱ्याच्या इतक्या छटा मी पाहिल्या आहेत की शालूनं पांढरं पातळ घेतलं तर मला ते पाच प्रकारचं पांढरं दिसतं. रिटायर झाल्यापासून त्या नजरेला काम नव्हतं. घरात भिंतीला रंग देताना मत दिलं, तर रंगाऱ्यानंच काम सोडलं. आणि आता माझी पोरगी म्हणते, "बाबा, तुमची नजर पायजे." मी त्या दिवशी दाढी दोनदा केली.

दोनशे चाळीस फोटो होते. प्रत्येकावर फक्त नंबर. नाव नाही, गाव नाही. अर्पितानं एकच ताकीद दिली, "बाबा, तुमाले जे दिसते ते लिहा. जे असाले पायजे ते लिहू नका." मी म्हटलं, मला शिकवू नकोस. आणि कामाला बसलो. आता कापूस पाहायचा तो उत्तरेच्या उजेडात, म्हणून लॅपटॉप खिडकीशी नेला, तर त्यात फोटोऐवजी माझंच तोंड दिसू लागलं. अर्पितानं पडदा ओढला. मग मुठीत घेतल्याशिवाय मला ग्रेड कळेना, माझा अंगठा आणि दोन बोटं लॅपटॉपच्या काचेवर चिमूट घेऊ लागली, आणि चिमूट घेतली की फोटो मोठा नाहीतर लहान व्हायचा. एकदा एक पेशी ताटाएवढी झाली आणि शालू किंचाळली. शेवटी अर्पितानं माझ्या डाव्या हातात कापसाचा बोळा दिला. तो कुस्करत बसलो की उजव्या हातानं बिनबोभाट लिहिता येई. गडदपणाचे चार आकडे होते, शून्य ते तीन. ते माझ्या लक्षात राहीनात, म्हणून शालूनं चहाच्या हिशेबानं शिकवले. शून्य म्हणजे नुसतं दूध, एक म्हणजे नको असलेल्या पाहुण्यांना करतो तो चहा, दोन म्हणजे आपला रोजचा, आणि तीन म्हणजे तुझ्या हातचा. त्यानंतर एकदाही चुकलो नाही.

मोजायचो मोठ्यानं. सवय आहे. मापारी पहिल्या मापाला एक म्हणत नाही, लाभ म्हणतो, तसाच मीही "लाभ, दोन, तीन" करत तपकिरी पेशी मोजत असे. शेजारच्या सिंधूताईंना वाटलं घरात धान्य आलं. त्या शेर-दोन शेर तांदूळ मागायला आल्या, आणि पेशी पाहून परत गेल्या.

नऊ दिवस मी असं काम केलं की जिनिंगवरही केलं नसेल. सकाळी पंचवीस, दुपारी दोन. (दुपारी जेवण झाल्यावर डोळ्याला विश्रांती लागते, हे अर्पितालाही मान्य करावं लागलं.) आणि इथं, ताई, मला एक कबुली द्यायची आहे. ११७ नंबरचा फोटो मला तुझा वाटला. सगळ्या पेशी एका बाजूला गर्दी करून होत्या आणि एक थोराड पेशी सगळ्यांकडे पाठ करून कोपऱ्यात बसली होती. आपल्या गोपालच्या लग्नात मांडवात तू तशीच बसली होतीस, वरणात मीठ कमी पडलं म्हणून. मी दिवसभर त्या फोटोचाच विचार करत होतो. शालूला बोलावून दाखवला. ती म्हणाली, "नणंदबाईच हायत त्या." आता झालं काय, की माणसाची नजर स्थिर आहे की नाही हे पाहायला अर्पितानं काही फोटो वेगळे नंबर देऊन दुसऱ्यांदा घातले होते, आणि मला ते सांगितलं नव्हतं. बापाला फसवलं. ११७ पुन्हा २०३ होऊन आला. पाठ फिरवलेली ती पेशी मी लगेच ओळखली. पहिल्यांदा मी शंभरात अठ्ठावन्न तपकिरी लिहिल्या होत्या. दुसऱ्यांदा अठ्ठ्याऐंशी लिहिल्या, आणि गडदपणा तीन, तुझ्या चहाएवढा.

अर्पितानं ते दोन आकडे माझ्यापुढं ठेवले आणि विचारलं, "बाबा, मधातल्या मधात तीस पेशी कुठून आल्या?" मी खरं ते सांगितलं. ती ओरडली नाही. म्हणाली, हे सगळे नमुने सात-आठ वर्षांपूर्वीचे आहेत, आत्याचा यात असूच शकत नाही. मी म्हटलं, असेना, पण ज्या कोणाचा आहे तिच्या पेशी जास्त तपकिरी निघाल्या तर तुझं काय बिघडतं? तर म्हणाली, माप आहे ते, आशीर्वाद नाही. पोरगी कोणावर गेली आहे हे तुला सांगायला नको.

पण खरी गंमत पुढंच आहे. तिनं माझे सगळे आकडे आणि कॉम्प्युटरचे आकडे एका आलेखावर मांडले आणि तिचा चेहरा पडला. म्हणजे आधी उजळला, मग पडला. कपाशीच्या दोन ओळी शेजारी शेजारी जाव्यात तशा दोन रेघा. कॉम्प्युटर चढला की मी चढतो, तो उतरला की मी उतरतो, पण तो २०३ सोडला तर मी सदा त्याच्या खाली, आणि अंतर सगळीकडे सारखं. तो साठ म्हणाला तर मी अठ्ठावन्न. तो तीस तर मी अठ्ठावीस. शनिवारी तिला हे सगळं शहरातल्या तिच्या गाइड मॅडमकडे पाठवायचं होतं, आणि इतकी सारखी चूक माणसाकडून होत नाही, म्हणून तिला वाटलं कॉम्प्युटरच बिघडला. दोन दिवस ती जेवली नाही धड. मॅडमला फोन झाले. मी मनातून खूष होतो, कॉम्प्युटर हरला म्हणून. शेवटी शालू भाकरी थापता थापता म्हणाली, "अवं, त्यायनं कडता कापला असन. छत्तीस वर्साची सवय हाय ते."

ताई, माझ्या हातातला बोळा खाली पडला. शंभर पेशी म्हणजे माझ्या हाताला शंभर किलो, शंभर किलो म्हणजे क्विंटल, आणि क्विंटल म्हटला की ओलाव्याचा कडता म्हणून दोन किलो कमी. त्यातून ते फोटो काचेसारखे ओले चमकायचे. मी प्रत्येक नमुन्यामागे दोन पेशींचा कडता कापला होता आणि मला पत्ताही नव्हता. तुझ्या म्हणून समजलेल्या त्या नमुन्यातसुद्धा, मायेनं तीस वाढवून मग दोन कापले होते. दाजींच्या गाडीची आठवण झाली. वीस वर्षं झाली असतील. दाजींचा कापूस खडखडीत कोरडा होता आणि मी सवयीनं दोन किलो कापले. तू भांडली नाहीस. त्या वर्षी तुझी राखी आली तिचा धागा दोन बोटं कापलेला होता. मनगटाला पुरेना. सोबत चिठ्ठी होती, "ओलाव्याचा कडता कापून पाठोली." ती राखी मी अजून ठेवली आहे, जिनिंगच्या ओळखपत्राबरोबर.

मी अर्पिताला म्हटलं, एवढं काय, सगळ्यांत दोन मिळव आणि पाठव. तर तिनं लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. पाच फोटो होते, ज्यांच्यापुढं मी शून्य लिहिलं होतं. म्हणाली, "आता मोजा. पण कापू नका." मी मोजलं. पहिल्या फोटोत शंभर निळ्या पेशींच्या गर्दीत एक, अगदी कडेला, फिकट तपकिरी. लाभ. पुढं काहीच नाही. नुसता लाभ. दुसऱ्या फोटोत दोन. अर्पिता म्हणाली, शंभरात एक जरी निघाली तरी डॉक्टर त्या बाईला गोळी द्यायचा विचार करतात, आणि शून्य असेल तर करत नाहीत. तिथं मला घाम फुटला. हे नमुने जुने आहेत, त्या बायांचे उपचार केव्हाच झालेत, माझ्या आकड्यानं कोणाचं काही बिघडणार नाही, असं ती पुन्हा पुन्हा सांगत होती. पण मला ऐकू येत नव्हतं. (तुझ्यासारखं नाही, खरंच.) दोन किलो म्हणजे काय मोठं, असं मी छत्तीस वर्षं म्हणत आलो. त्या बाईकडे होतं तेच मुळी एक, आणि मी दोन कापले होते.

दोनशे चाळीस फोटो मी पुन्हा मोजले. दोन दिवस, दुपारची झोप सोडून. अर्पितानं रजा वाढवली. त्या आकड्यांच्या शेजारी तिनं टीप लिहिली आहे की तिसऱ्या निरीक्षकाच्या पहिल्या मोजणीत एक ठरावीक व्यावसायिक घट आढळली. पीएचडीत माझं नाव अशा रीतीनं आलं. आपल्या वडिलांना केवढा आनंद झाला असता.

बाकी विशेष काही नाही. दाजींनी गुडघ्याला तेल लावावं. पत्र जानेफळच्या जीपवाल्याबरोबर पाठवतो आहे, म्हणजे उद्या गुरुवारी सकाळीच तुझ्या हाती पडेल.

तुझा,
नाऱ्या

ता. क. त्या गोळीबद्दल एक अक्षरही लिहिणार नाही असं वर लिहिलं आहे. ते पत्रात. ता. क. पत्रात धरत नाहीत. एका व्यक्तीनं तुझी गोळ्यांची पाकिटं मोजली. महिन्याच्या तिसातल्या अकरा शिल्लक. (योगिनी, आता लपून उपयोग नाही, पण मी सांभाळून घेईन.) अकरा दिवस कोणते तेही कळलं. चार गुरुवार, चार शनिवार, दोन एकादशा आणि चतुर्थी. गोळीत पीठ असतं, उपास मोडतो, असं तू तिला सांगितलंस. मी तुझ्याशी वाद घालायला म्हणून केमिस्टकडे गेलो आणि पाकिटावरचं बारीक अक्षर वाचून घेतलं. मक्याचा स्टार्च असतो. तुझंच खरं निघालं. दरवेळी तुझंच कसं खरं निघतं, ताई? पण गाठ बरी झाली म्हणून धरलेले उपास, आणि त्या उपासांसाठी गाठीची गोळी बंद, हा कुठला न्याय? तिसात अकरा म्हणजे शंभरात सदतीस होतात. माझ्या अगदी वाईट काळातही मी क्विंटलमागे सदतीसचा कडता कापला नव्हता. आणि मला दोन किलोसाठी तोकडी राखी आली होती.

ता. क. दुसरा. औषधानं उपास मोडत नाही असं अर्पिता, डॉक्टर आणि आमच्या मंदिरातले महाराज, तिघंही म्हणतात. तू तिघांचंही ऐकणार नाहीस हे मला माहीत आहे. म्हणून मागणं वेगळंच आहे. तुझे उपास मला दे. घरातलं माणूस आजारी असलं की त्याचं व्रत दुसऱ्यानं चालवायचं, हे आपल्याकडे चालत आलेलंच आहे. आपल्या आईनं आजीचे सोमवार चालवले होते, तू पाहिलं आहेस. गुरुवार, शनिवार, एकादशा, चतुर्थी, सगळे माझ्या नावावर कर, आणि त्या दिवशी तू जेव आणि गोळी घे. तीन वर्षं राहिली आहेत. मागच्या गुरुवारी मी सराव करून पाहिला. सकाळी साडेदहापर्यंत टिकलो. मग बस स्टँडवरून जाताना कांद्याच्या भज्यांचा वास आला आणि पुढचं मी लिहीत नाही. पण तो सराव होता. उद्यापासून खरं आहे. शालूनं साबुदाणा भिजवला आहे आणि घराबाहेर सोडायचं नाही असं ठरलं आहे.

(योगिनी, हा कंस मात्र मोठ्यानं वाच. ताई, ते पाच फोटो पाहिल्यापासून मला राहून राहून तुझीच आठवण येते. तुझ्या रिपोर्टात शंभरात नव्वद तपकिरी होत्या, मी अर्पिताकडून वाचून घेतला. ज्या बाईकडे एक होती तिच्यासाठी मी घामाघूम झालो, आणि माझ्या बहिणीकडे नव्वद असून ती गोळी देव्हाऱ्यामागं ठेवते. मला या जगात नाऱ्या म्हणणारं तुझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही. तेवढं एक कापू नकोस.)

ता. क. तिसरा. उद्या तू हे ऐकत असशील तेव्हा मी उपाशी असेन. संध्याकाळी मी उपास सोडणार, पण तुझा फोन आल्यावरच. फार बोलू नकोस, नुसतं "घेतली" म्हण. तुला माझा आवाज येत नसला तरी चालेल, मला तुझा स्पष्ट येतो.